‘फॉरमॅट मारला की झालं’ म्हणणाऱ्या दादांना

दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुम्ही कुठे बरोबर आहात ते दिसलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरचा जुना कॉम्प्युटर पोळ्या करणाऱ्या मावशींच्या मुलाला देण्याआधी मी हार्डडिस्क पूर्ण पुसली, त्यावर लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं: फॉरमॅट मारला की झालं, एवढा बाऊ कशाला? ज्याला देताय त्याच्यावर इतका अविश्वास? आणि रिकामा डबा देऊन दिल्याचं समाधान कसलं?

फॉरमॅटचं आधी. नागपूरच्या बर्डीत पंधरा वर्षं दुरुस्तीचं काम केलंय म्हणता, म्हणून तुम्हाला हे सांगताना जरा अवघडतोय. पण मी करून पाहिलं. त्याच डिस्कला आधी क्विक फॉरमॅट मारला. ड्राइव्ह उघडली तर एकदम कोरी. मग फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर साठव म्हटलं आणि जेवायला बसलो. हात धुऊन येईस्तोवर फोल्डरमागून फोल्डर भरत चालले होते. फायलींची मूळ नावं गेलेली, नुसते आकडे. पण उघडलं की आतला माल शाबूत. बाबांच्या पॅनकार्डचं स्कॅन. आणि ताईचा बायोडाटा, जो तिचं लग्न ठरल्यावर आम्हीच डिलीट केला होता! जन्मवेळ, गोत्र, मामेकुळ, पगार, घराचा पत्ता आणि तळाशी बाबांचा मोबाइल नंबर. तो नंबर आजही चालू आहे.

दारावरची पाटी काढली म्हणून आतलं बिऱ्हाड उठत नाही, क्विक फॉरमॅटचं तसंच. ‘क्विक’ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्य लिहितो, त्याबद्दल माझं भांडणच नाही. पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तो कोण करत बसतो, तुम्हीच सांगा.

बाऊ मात्र केला, मान्य. सात फेऱ्या मारा, म्हणजे अख्ख्या डिस्कवर सात वेळा नवं काहीतरी लिहा, असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. ५०० जीबीच्या एका फेरीला सव्वादोन तास लागले. तिसऱ्या फेरीत, भर मे महिन्याच्या दुपारी, लाइट गेली, कूलर बंद पडला आणि माझा उत्साहही. संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली, ती तेव्हाच्या डिस्कसाठी होती. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका चुंबकीय डिस्कला साधारणपणे एकच फेरी पुरे म्हणते. एसएसडीचं, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचं, वेगळं. तिथे कुठे लिहायचं ते ड्राइव्ह स्वतः ठरवते, वरून पुसलं तरी जुनी प्रत आत राहू शकते. तिच्यासाठी कंपनीचं सिक्युअर इरेज, म्हणजे ड्राइव्हला आतूनच पुसायला लावणारी सोय, वापरा.

आता अविश्वास. सख्ख्या मेव्हण्याला दिला असता तर दोनदा पुसला असता. पोरगा चांगलाच आहे हो, पण मशीन काय त्याच्याकडे जन्मभर राहणार आहे? उद्या पॉवर सप्लाय जळेल, ते दुकानात जाईल, तिथून कधीतरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. त्या सगळ्यांना मी कुठे ओळखतो?

रिकाम्या डब्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. डिस्क पुसली की विंडोजचं लायसन्सही गेलं, असं मी धरून चाललो होतो. ते जात नाही. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स त्या मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. तीच एडिशन पुन्हा टाकून इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनला झेपत नाही. म्हणून परवा रविवारी त्याच्या घरी जाऊन लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली, मराठी कीबोर्डसकट. पोराला एक्सेल हवं होतं. लिब्रेऑफिसवर भागवतोय, पण कुरकुर चालू आहे.

निघताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. डीव्हीडीच्या ट्रेमध्ये होतं म्हणे. उलगडलं तर ताईच्या लग्नाची सीडी, भाग २. डिस्क पुसण्यात मी अख्खी दुपार घातली आणि ट्रे काही उघडून पाहिला नाही. आता ताई विचारतेय, भाग १ कुणाला देऊन टाकला?