बाबांची जन्मतारीख

माझ्या बाबांची जन्मतारीख 1 जुलै. मोठ्या काकांचीही 1 जुलै, फक्त साल वेगळं. गावातल्या त्या पिढीतली निम्मी माणसं एकाच तारखेला जन्मली आहेत. आजी सांगायची, बाबा झाले तेव्हा कापसाची बोंडं फुटली होती, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. पण शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. हात पोचला. गुरुजींनी तारीख लिहिली. जन्माचा दाखला कोणी मागितलाच नाही, कारण तो कोणाकडेच नव्हता.

त्या एका अंदाजावर बाबांनी जिल्हा परिषदेत नोकरी केली अन् आज पेन्शन घेतात. माझं ओबीसीचं प्रमाणपत्रही त्याच ओळीवर निघालं. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अन् बाबांचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे शाळेच्या प्रवेश रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, 1959 चा आहे.

हे आठवायचं कारण सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात माझं ऑनलाईन सेंटर आहे, म्हणजे कागद हाच माझा धंदा. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे ते पंधरा दिवस काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच गर्दीत बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची, एक बाई आली. सोबत आठेक वर्षांची पोरगी.

"भाऊ, इचं आधार काढून दे. शाळेत टाकाचं हाय. सर म्हन्ते आधार नाही तं नाव नाही."

पोरगी झाली ती सोयाबीन सोंगायला गेले असताना, दुसऱ्या जिल्ह्यात, शेतातच. ना दवाखाना, ना नोंद. मी सांगितलं, आधारला जन्माचा दाखला आण. ती ग्रामपंचायतीत गेली. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, अन् 2025 पासून तर ती तपासणी आणखी कडक झाली आहे. तिकडे तिला विचारलं, शाळेचा काही पुरावा आहे का? शाळा म्हणते आधार, आधार म्हणते दाखला, दाखला म्हणतो शाळा. तिसऱ्या चकरेला ती बाई माझ्या पायरीवर बसली अन् काहीच बोलली नाही. या चकरांमधल्या दोन मीच मारायला लावल्या होत्या, हेही लिहून ठेवतो.

त्या रात्री पहिल्यांदा शिक्षण हक्क कायदा उघडून वाचला. 2009 चा कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. इतकी वर्षं फॉर्म भरतोय, पण वाचला नव्हता. कलम 14 सरळ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. नियमांप्रमाणे जन्माचा दाखला नसेल तर नर्सबाईंच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरातली नोंद चालते. तीही नसेल तर आईबापाने वय लिहून दिलेलं चालतं. कलम 5 म्हणतं, आधीच्या शाळेचा टीसी यायला उशीर झाला म्हणून अडवायचं नाही. अन् आधारचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 लाच सांगून टाकलंय की शाळाप्रवेशाला ते सक्तीचं नाही.

कलमांची झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो, पण सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "अहो, पोरगी बसू द्या वर्गात, मी कुठं हाकलतो? पण पटावर घेतली अन् आधार व्हॅलिड झालं नाही, तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवतात त्या हिशेबात, ती मोजली जात नाही. माझा एक शिक्षक कमी होतो." खोटं नाही ते. 2011 च्या पटपडताळणीत राज्यात लाखो पोरं फक्त कागदावर सापडली होती. कुठल्या तरी संस्थाचालकाने नसलेली पोरं दाखवून खाल्लं, अन् त्याचा दंड असलेल्या पोरीने भरायचा, असा हा हिशेब आहे. खोटा पट पकडायचा तर खुशाल पकडा. वर्गात येऊन डोकी मोजा. बेड्यावरची पोरगी त्या मोजणीत पहिल्या बाकावर सापडेल.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. आपण सगळे समजतो की आधी कागद अन् मग शाळा. माझ्या काउंटरवर उलटंच दिसतं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी, म्हणजे व्हॅलिडिटीसाठी, लोक आजोबा-पणजोबांचं काय घेऊन येतात? शाळेचा दाखल-खारीज उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. गावच्या कोतवालाने जन्ममृत्यू लिहिले, गुरुजींनी पोरं लिहिली, त्यावर आज आमची घरं उभी आहेत. फासेपारध्यांना अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचं काहीतरी मागतात. ते आणणार कुठून? आजा गावाबाहेर पालात राहिला, कोतवालाच्या वहीत आला नाही, शाळेच्या पायरीवर चढला नाही. गुन्हेगार जमातीचा कायदा 1952 मध्ये गेला म्हणतात, पण आजही रात्री चोरी झाली की पोलिसांची गाडी बेड्यावरच जाते. तिथं बरोबर नावं माहीत असतात.

म्हणजे आज या पोरीला कागदावाचून परत पाठवलं, तर तिच्या नातवाकडेही दाखवायला काही राहणार नाही. गरिबाचा पहिला कागद शाळाच तयार करते. शाळेनेच तो मागायचा, हे कसं?

वीटभट्ट्यांवरचं प्रकरण थोडं वेगळं आहे. मेळघाटातून, छत्तीसगडातून दिवाळीनंतर आलेल्यांची पोरं. त्यांचं नाव असतं, पण दोनशे कोसांवरच्या शाळेत. कलम 9 प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश करून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाचीच जबाबदारी आहे. भट्टीवर जाऊन बघणारं माणूस मात्र मला अजून भेटायचंय.

पुढची धास्तीही सांगतो. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच धरायचा, असा बदल जन्मनोंदणीच्या कायद्यात झालाय. ही पोरं 2029 मध्ये पहिलीला येतील. कलम 14 तेव्हाही राहीलच, पण काउंटरवर बसलेल्या माणसाला कोणतं कलम आठवेल ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आशाताई, अंगणवाडीताई, आत्ताच बेड्यावर अन् भट्टीवर चक्कर मारा. वर्षाच्या आतली नोंद सोपी असते.

अन् आज कोणाला शाळेतून परत पाठवत असतील, तर तोंडी बोलू नका. अर्ज द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या, नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायला कोणाचा हात उठत नाही, हा माझा अनुभव. पोरगी आठ-नऊची असेल तर पहिलीत कोंबायची नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यायची अन् तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही कायद्यात अन् त्याच्या नियमांतच आहे. अर्ज मी फुकट लिहून देतो. सेंटर सकाळी नऊला उघडतं.

त्या पोरीचं नाव पटावर चढलं. वयाचं निवेदन मी लिहिलं, बाईने अंगठा दिला. जन्म नक्की कधीचा, यावर सरांचं अन् माझं बराच वेळ चाललं. सोंगणीचे दिवस म्हणजे ऑक्टोबर, असं धरून त्यातली एक तारीख टाकली. नोंदीचा उतारा हातात आल्यावर बाई सरळ माझ्याकडे आली.

"भाऊ, याच्या दोन झेरॉक्स मार. एक घरी ठेवतो, एक इच्या मावशीकडे. पालाले आग लागली तं?"