एफएचए लोनच्या कागदपत्रांबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजमधलं काय चुकलंय

गेल्या दोन महिन्यांत तोच मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय, मंडळाच्या, शाळेतल्या आयांच्या, नवऱ्याच्या ऑफिसातल्या मराठी लोकांच्या. "एफएचए लोनची खरी कागदपत्रं, घर घेण्याआधी वाचा" असं वर लिहिलंय आणि खाली सात मुद्दे. एफएचए लोन म्हणजे अमेरिकेत कमी डाउन पेमेंटवर, म्हणजे आधी खिशातून कमी रक्कम भरून, मिळणारं घराचं कर्ज. मेसेज थोडक्यात सांगते: हे लोन सरकार देतं म्हणून कागद जास्त, ३ वर्षांचे टॅक्स रिटर्न, ६ महिन्यांची बँक स्टेटमेंट्स आणि सोशल सिक्युरिटीचं (इथल्या सरकारी ओळख नंबराचं) ओरिजिनल कार्ड नसेल तर लेंडरला, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला, फोनच करू नका, एकाच कंपनीत २ वर्षं पाहिजेत, भारतातून आलेला पैसा चालत नाही म्हणून इथल्या मित्राकडून अकाउंटमध्ये भरून घ्या, एच-वन-बीवाल्यांना आरामात मिळतं, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर अर्ज केला की बायकोचे कागद कोणी विचारत नाही, आणि शेवटी, अप्रूव्हल आलं की कागदांचं काम संपलं, मग घर भाड्याने द्या नाहीतर काही करा.

मी डॅलसजवळ राहते आणि लोन प्रोसेसिंगचं काम करते, म्हणजे लोकांचे कागद गोळा करणं, तपासणं आणि अंडररायटरकडे, म्हणजे कर्ज मंजूर करायचं की नाही ठरवणाऱ्याकडे, पाठवणं हेच दिवसभर चालू असतं. हा मेसेज वाचून एका बाईंनी वर्षभर अर्जच केला नाही आणि एका कुटुंबाने तो वाचून मित्राकडून पैसे भरून घेतले, दोघांचंही नुकसान झालं, म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

आधी "सरकार लोन देतं" हे बघू. देत नाही. एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, १९३४ साली सुरू झाली, १९६५ पासून ती हाउसिंग खात्याखाली, म्हणजे एचयूडीखाली आहे, आणि तिचं काम विमा उतरवणं एवढंच. पैसे देतो लेंडर, तुम्ही हप्ते बुडवले तर लेंडरचं नुकसान एफएचए भरून देते, आणि त्या विम्याचे पैसे तुम्हीच भरता, सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के आणि मग दरवर्षी, बहुतेकांना ०.५५ टक्के. हे समजलं की कागदांचं गणित सुटतं, कारण नियम दोन जागांहून येतात. एचयूडीचं हँडबुक आहे, ४०००.१ नावाचं, त्यात कमीत कमी काय लागतं ते लिहिलंय, आणि त्यावर प्रत्येक लेंडर स्वतःच्या अटी चढवतो, त्याला आमच्याकडे ओव्हरले म्हणतात. मेसेज लिहिणाऱ्याला त्याच्या लेंडरने जे मागितलं तेच त्याने देशाचा कायदा म्हणून लिहून टाकलंय असं मला वाटतं. एका लेंडरची यादी फार लांब असेल तर दुसऱ्याला विचारा, सरळ उपाय आहे.

आता ती ३ वर्षं, ६ महिने आणि ओरिजिनल कार्ड. साध्या पगारदार माणसाला साधारण महिनाभराच्या पगाराच्या स्लिपा, मागच्या २ वर्षांचे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म), सरकारी फोटो आयडी आणि बँकेची हल्लीची स्टेटमेंट्स, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी २ महिन्यांची, एवढं लागतं. टॅक्स रिटर्न मागतात ते प्रामुख्याने स्वतःचा धंदा असणाऱ्यांकडे किंवा भाड्याचं उत्पन्न दाखवणाऱ्यांकडे, आणि तेही २ वर्षांचे. धंद्यात २५ टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड धरले जाता, हे कन्सल्टिंगसाठी स्वतःची एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढलेल्यांनी लक्षात ठेवा, कारण "मी तर पगारच घेतो" म्हणून भागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र पडताळतात, पण तो स्लिपवरून, डब्ल्यू-२ वरून किंवा थेट सोशल सिक्युरिटी ऑफिसकडून पडताळता येतो, कार्ड हरवलं म्हणून कोणाचं घर अडत नाही.

आणि "फोनच करू नका" हे तर उलटंच आहे. नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि किती लोन पाहिजे, या ६ गोष्टी सांगितल्या की लेंडरने ३ कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे व्याज, हप्ता आणि खर्चाचा लेखी अंदाज, द्यायलाच पाहिजे, त्याआधी उत्पन्नाचे पुरावे आणल्याशिवाय देणार नाही असं त्याला म्हणता येत नाही, आणि क्रेडिट रिपोर्टचा खर्च सोडून फी पण घेता येत नाही. म्हणजे तीन लेंडरांचे आकडे शेजारी ठेवून बघायला फाईल लागत नाही. वर ज्या बाईंचं सांगितलं त्या ३ वर्षांचे रिटर्न पूर्ण व्हायची वाट बघत बसल्या होत्या, नोकरी पगाराची, डब्ल्यू-२ हातात, क्रेडिट स्कोअर ७०० च्या वर. एफएचएला ३.५ टक्के डाउन पेमेंटसाठी ५८० लागतो!

एकाच कंपनीत २ वर्षं हेही खोटं. बघतात ते २ वर्षांचा कामाचा इतिहास, कंपनी बदलली तर चालते. १२ महिन्यांत तीनपेक्षा जास्त नोकऱ्या बदलल्या किंवा कामाचं क्षेत्रच बदललं तर जास्तीचे कागद मागतात, शिक्षणाचे किंवा पगार वाढत गेल्याचे. त्या २ वर्षांत तुम्ही शिकत असाल तर कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट दाखवायची. हे मी आपल्या बायकांसाठी मुद्दाम सांगते, मुलांसाठी ४-५ वर्षं घरी बसलेल्या कितीतरी जणी "माझा पगार धरणारच नाहीत" म्हणून अर्जातून नाव काढतात. गॅप ६ महिन्यांचा किंवा जास्त असेल तर नियम असा की आत्ताच्या नोकरीत ६ महिने झालेले असावेत आणि गॅपच्या आधी २ वर्षं कामाचा इतिहास असावा. तेवढं असेल तर तुमचा पगार धरता येतो, नाव काढू नका.

आता भारतातला पैसा, इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होतंय.

आई-बाबांनी दिलेला पैसा एफएचएला चालतो, अख्खं ३.५ टक्के डाउन पेमेंट गिफ्टमधून आलं तरी चालतं, तो देणारा अमेरिकेत असायला पाहिजे अशी अट नाही. लागतं काय तर गिफ्ट लेटर, त्यात देणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, तुमच्याशी नातं, किती डॉलर आणि "हे परत करायचे नाहीत" हे वाक्य, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. शिवाय पैसा त्यांच्या खात्यातून निघाल्याचा आणि तुमच्या खात्यात आल्याचा पुरावा. नात्यांची यादी ठरलेली आहे: आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ, बहीण, काका, मामा, मावशी, आत्या, सासू-सासरे, दीर, नणंद, मेहुणे हे सगळे बसतात. चुलतभाऊ आणि मामेभाऊ त्या यादीत नाहीत, आपल्याकडे सख्ख्यासारखे असले तरी. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर जवळचा मित्र म्हणून घ्यावं लागतं आणि तुमच्याबद्दलची त्यांची आपुलकी कागदावर दाखवावी लागते.

अडचण येते ती पैसा कुठून निघाला हे दाखवताना. बाबांची एफडी गावातल्या पतसंस्थेत असते, पासबुकात मराठीत नोंदी, आणि पतसंस्थेतून थेट डॉलर पाठवता येत नाहीत. म्हणून एफडी मोडल्याची पावती ठेवा, पैसे आधी त्यांच्याच नावाच्या बँक खात्यात घ्या, तिथून बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरून पाठवा, आणि पासबुकाच्या त्या पानाचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न सहसा येत नाही. टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच कापते त्या टॅक्सचा, येतो: एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापतात. ४ लाख डॉलरच्या घराचे ३.५ टक्के म्हणजे १४ हजार डॉलर, बारा लाखांच्या आसपास, तर वरच्या साधारण दोन लाखांवरच कापणार, आणि ते बाबांच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना वळते करून घेता येतात. हे बाबांना आधीच सांगा, नाहीतर त्यांना वाटतं पैसे गेलेच. इथे अमेरिकेत परदेशातून एका वर्षात १ लाख डॉलरच्या वर गिफ्ट आली तर ३५२० फॉर्म भरावा लागतो, त्यावर टॅक्स नसतो पण फॉर्म चुकवू नका.

आणि मेसेजमधला उपाय काय तर मित्राकडून भरून घ्या आणि आई-बाबांनी तिकडे त्याच्या घरच्यांना रुपये द्यायचे. ज्या कुटुंबाने हे केलं त्यांच्या स्टेटमेंटमध्ये अचानक मोठी रक्कम दिसली, अंडररायटरने विचारलं कुठून आली, मित्राने दिली म्हटल्यावर त्याचं गिफ्ट लेटर मागितलं, आता मित्र "परत करायचे नाहीत" यावर सही कशी करणार, तिकडे त्याच्या वडिलांच्या हातात रुपये पडलेले. सही केली तर खोटी आणि नाही केली तर ते पैसे धरता येत नाहीत. घर हातचं गेलं, आणि आई-बाबांची एफडी मोडली ती मोडलीच. कृपा करून हे करू नका, सरळ रस्ता असताना.

घरात साठवलेल्या कॅशबद्दल मेसेजमध्ये काही नाही पण लोक मला विचारतात म्हणून सांगते, तुमची स्वतःची कॅश बँकेत भरून, ती कशी साठली हे पटेल असं लिहून दिलं तर धरू शकतात. गिफ्ट देणाऱ्याची घरातली कॅश मात्र अजिबात चालत नाही.

एच-वन-बीचा मुद्दा. हा एके काळी खरा होता, म्हणूनच धोक्याचा आहे, कारण जुने लोक स्वतःच्या अनुभवावरून हो म्हणतात. २६ मार्च २०२५ ला एचयूडीने पत्र काढलं आणि २५ मे २०२५ पासून ज्या अर्जांना एफएचएचा केस नंबर पडतो त्यांत तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला एफएचए लोन घेता येत नाही. नागरिक असाल किंवा ग्रीन कार्ड असेल तर येतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभ्या असलेल्या माणसांना हे सांगताना मला फार वाईट वाटतं, त्यांनी टॅक्स भरलाय, मुलं इथे जन्मलीत, पण नियम हा आहे आणि तो लपवून त्यांच्याकडून अप्रेझलचे (घराच्या किमतीच्या तपासणीचे) पैसे भरून घेणं त्याहून वाईट. त्यांच्यासाठी दार पूर्ण बंद नाही, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या लेंडरांकडून कर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्यांच्या नियमांत कायदेशीर व्हिसावरच्यांना कन्व्हेन्शनल, म्हणजे एफएचएच्या विम्याशिवायचं, लोन मिळू शकतं, काही प्रकारांत ३ ते ५ टक्के डाउन पेमेंटवर, फक्त क्रेडिट जास्त चांगलं लागतं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आणि बायकोचा व्हिसा असेल तर एफएचएला नवरा एकटा अर्जदार, त्याच्या एकट्याच्या पगारावर.

आणि इथेच पुढचा मुद्दा येतो, "बायकोचे कागद कोणी विचारत नाही". न्यू जर्सीत कदाचित खरं असेल, माझ्याकडे टेक्सासमध्ये नाही. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, वॉशिंग्टन अशी ९ राज्यं आहेत जिथे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, तिथे जोडीदार लोनवर नसला तरी त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढतात आणि त्याची देणी तुमच्या हिशोबात धरतात. त्याचं क्रेडिट खराब आहे म्हणून तुमचं लोन नाकारता येत नाही, पण हप्ते मोजले जातात. बायकोचं ४० हजार डॉलरचं स्टुडंट लोन असेल आणि आत्ता हप्ता शून्य दिसत असेल तरी ०.५ टक्के धरून महिन्याला २०० डॉलर लावतात. भारतातल्या बँकेचं तुमचं एज्युकेशन लोन इथल्या रिपोर्टवर दिसत नाही हे खरं, पण अर्जाच्या १००३ फॉर्मवर सगळी देणी लिहायची असतात, तेही लिहायचं.

अप्रूव्हलनंतर कागद संपत नाहीत. सह्या होण्याच्या आधीच्या १० दिवसांत तुमच्या कंपनीला परत विचारतात की हा माणूस अजून कामावर आहे का, आणि बहुतेक कागद पैसे सुटण्याच्या दिवशी १२० दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत, म्हणून घर शोधायला चार-पाच महिने लागले की स्लिपा आणि स्टेटमेंट्स परत मागतात, तो छळ नसतो. मधल्या काळात गाडी घेऊ नका, नोकरी बदलायचीच असेल तर आधी लोन ऑफिसरला सांगा.

राहिलं भाड्याने देण्याचं. एफएचए लोन स्वतः राहायच्या घरासाठी असतं, ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान एक वर्ष राहायचं, आणि तसं तुम्ही सही करून देता, खोटी माहिती दिली तर काय शिक्षा होते ते त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. भाड्याचं उत्पन्न पाहिजेच असेल तर त्यासाठी कायदेशीर सोय आहे, २ ते ४ युनिटचं, म्हणजे तेवढी वेगळी बिऱ्हाडं असलेलं, घर घ्या, एकात राहा आणि बाकीची द्या, ३.५ टक्क्यांतच. २ युनिटला काम सोपं असतं, ३ किंवा ४ युनिट असतील तर त्या घराच्या भाड्यातून महिन्याचा हप्ता निघतो हे दाखवावं लागतं आणि ३ महिन्यांचे हप्ते बाजूला शिल्लक दाखवावे लागतात, त्याची स्टेटमेंट्स डाउन पेमेंटच्या स्टेटमेंट्सबरोबरच काढून ठेवा.