हवा धरलीया

काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी हातकणंगल्याच्या बाजूनं उजळाईवाडीच्या 25 नंबरच्या धावपट्टीवर उतरत होतो. सेसना 172, वेग 65 नॉट, फ्लॅप पूर्ण खाली, जमीन दोनशे फुटांवर. आणि चित्र थिजलं. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं. पंखे मात्र घोंघावत होते. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "प्याशिंजर मेलं का रं समदं?"

हे तळमजल्यावरचे तात्या. एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्य आंबा घाटात गेलं. माझ्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या खेळात, विमान उडतंय ही बातमी जिन्यानं त्यांच्यापर्यंत गेली, आणि तेव्हापासून ते रोज सातला वर येतात. चहा घेतात आणि माझी परीक्षा घेतात.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर अगदी अलगद उतरलो होतो. चाकं टेकली, गाडी थांबली. तात्यांनी चष्मा लावून अल्टिमीटर वाचला आणि म्हणाले, "आरं, अजून दोन हजार फूट वर हाय की!"

"तात्या, ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. उजळाईवाडीच जवळपास 2000 फुटांवर आहे."

"समुद्र रत्नागिरीला. हितं कशाला मोजतोस?"

याला उत्तर आहे. सगळ्या विमानांनी एकाच पातळीपासून मोजलं तरच ती एकमेकांवर आदळत नाहीत. मी ते दिलंही. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, रिव्हर्स मारून दाव."

"या विमानाला रिव्हर्स नसतो."

"मग डेपोत लावत्यात कसं?"

"पुढच्या चाकाला दांडा लावून माणसं ढकलतात."

तात्या बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. "ढकलायची गाडी," ते म्हणाले, "आनि दीड लाख."

आता दीड लाख कुठं गेले ते सांगतो. विमानाच्या खेळाला ग्राफिक्स कार्ड तगडं घ्या, बाकी काही बघू नका, असं दुकानात सांगतात. अर्धं खरं आहे. विमानाचं हवेतलं गणित, यंत्रांची तबकडी, आसपासची विमानं, खालचा प्रदेश भरत राहणं, यातलं बरंच काम प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर येऊन पडतं. सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेम मोजणारी पट्टी उघडा, तिथं 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं सरळ लिहून येतं. म्हणजे एक बैल ओढतोय आणि बाकीचे बांधावर रवंथ करतायत. अशा वेळी कार्ड बदलून उपयोग शून्य. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे खालच्या प्रदेशाचा बारकावा, 200 वरून 100 वर आणा, रहदारी कमी करा, नाहीतर त्या एका बैलाला पळवा. पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मी कोल्हापूरचा, पहिले दोन उपाय मला कमीपणाचे वाटले.

माझा प्रोसेसर आय-फाइव्ह 12600के. त्याला मोठे कोर, म्हणजे बैल, सहा. एकटा पळाला तर 4.9 गिगाहर्ट्झ, सहाही जुंपले तर 4.5. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन मी सगळ्यांना 51 चा गुणक दिला, म्हणजे 100 मेगाहर्ट्झच्या 51 पट, 5.1 गिगाहर्ट्झ. आधी जेमतेम 1.20 व्होल्टवर चालणारी चिप तेवढ्यावर काही उभी राहीना, 1.32 द्यावे लागले. इथं गणित अंगावर येतं. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, आणि त्यावर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढला 13 टक्के, उष्णता साधारण 37 टक्के. आज कुणी विचारलंच तर मी सांगेन, असले उद्योग करू नका, मोठ्या कॅशवाला रायझन प्रोसेसर घ्या. कॅश म्हणजे रोकड नव्हे, प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी. 7800एक्स3डी मध्ये 96 मेगाबाइट एल-थ्री कॅश आहे, माझ्याकडं 20. विमानाच्या खेळाला ती कॅश मानवते, आणि चिप मुळातच कमी तापते. पण मला कुणी विचारत नाही. मला रिव्हर्स विचारतात.

उष्णतेसाठी 240 मिलिमीटरचा पाण्याचा कूलर घेतला. प्रोसेसरवर पंप, तिथून दोन नळ्या, टोकाला रेडिएटर आणि त्यावर दोन पंखे. जोडणीचं काम तसं सोपं. रॅमच्या दोनच कांड्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसर आणि पंप यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी. पंपाचे स्क्रू तिरके-तिरके आवळायचे, एका कडेनं नाही. पंपाच्या तळाची पारदर्शक फिल्म आधी काढायची. ती तशीच ठेवून आठवडाभर डोकं धरून बसलेली माणसं मी बघितली आहेत. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला, मदरबोर्डाला नाही. आणि 600 व्हीएचा घरगुती यूपीएस याला पुरत नाही. त्यावर बारीक अक्षरात 360 वॅट लिहिलेलं असतं, माझं यंत्र विमानतळाजवळ 400 च्या वर ओढतं. वीज गेली की यूपीएस टाहो फोडतो आणि सगळ्यात आधी तोच मरतो.

हे सगळं नीट केलं. तरी तीन आठवडे यंत्र थिजत होतं, आणि नेमकं उतरताना. पेस्ट दोनदा बदलली. व्होल्टेज 1.34 केलं, प्रकरण आणखी चिघळलं. लोड-लाइन, म्हणजे ताण आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ती सेटिंग, एक पायरी वर, एक खाली. रॅमला जोरात पळवणारं एक्सएमपी बंद केलं. यंत्र जिथून घेतलं त्या दुकानात फोन केला, तिकडून ओव्हरक्लॉक हा शब्द ऐकताच वॉरंटीवर प्रवचन झालं. खूण मात्र डोळ्यांसमोर होती. तापमान 62 वरून चार सेकंदांत 98 वर जायचं आणि तसंच धाडकन खाली यायचं. पेस्ट वाईट असेल तर ते कायमच चढं राहतं, असं उसळ्या मारत नाही. पंपाचे फेरेही त्याच वेळी वरखाली व्हायचे. मी दोन्ही आलेख बघायचो, पण वेगवेगळ्या दिवशी.

तर काल चित्र थिजलं, प्रवासी मेले, आणि मी नेहमीप्रमाणं बटण दाबून धरलं. तात्या उठले. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि कान कॅबिनेटच्या काचेला लावला.

"चालू कर परत."

केलं.

"गुळगुळ वाजतंय. पान्याची हाय व्हय ही?"

"हो, लिक्विड कूलिंग."

"रेडिएटर कुटं बसवलाईस?"

"तळाला."

"आनि पंप?"

"वर. प्रोसेसरवर."

तात्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओतणाऱ्या क्लीनरकडं बघावं तसं. मग लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "लेका, हवा वर जाती का खाली?"

"वर."

"मग हवा धरलीया."

मी त्यांना सांगायला लागलो की ही यंत्रणा कारखान्यातून सीलबंद येते. आणि बोलता बोलताच मला कळलं की मी गाढव आहे. सीलबंद असली तरी आत थोडी हवा असतेच, आणि नळ्यांतून पाणी हळूहळू उडत जातं तशी ती वाढते. ती सगळ्यात उंच जागा धरून बसते. रेडिएटरचा माथा पंपापेक्षा वर असेल तर बसू दे बापडी तिथं. पण पंपच सगळ्यात वर असेल, तर तो पाण्याऐवजी हवा घुसळतो. मी नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी, दुसरी गार.

आता मी रेडिएटर तळाला का बसवला, तर दुसरी जागाच नव्हती म्हणून. कॅबिनेटला पुढं काच, बाजूला काच, कारण लोकांना आतले दिवे दिसले पाहिजेत. छताला बसवायला गेलो तर रॅमच्या कांड्या आडव्या, कारण त्यांच्या डोक्यावरही दिवे. कॅबिनेटच्या खोक्यावर छापलेल्या चित्रात रेडिएटर तळालाच दाखवलाय, इंद्रधनुषी उजेडात न्हाऊन निघालेला. बारा हजारांचा डबा विकणाऱ्याला हवा कुठं जाते हे ठाऊक नसावं? आणि पंख्याला दिवा कशासाठी लागतो? तो काय पुस्तक वाचतो? बिनदिव्याची बुटकी रॅम मागायला गेलो, तर ती 'मागवावी लागेल' आणि वर महाग. दिवे न लावण्याचे पैसे.

"रॅम बदलेपर्यंत थांबावं लागेल," मी म्हटलं.

"कशाला? उलटी कर."

"काय उलटी?"

"ही पेटी."

तात्यांनी वाट बघितली नाही. वायरी मी काढल्या, पेटी त्यांनी उचलली, दोन-तीनदा दुधाच्या कॅनसारखी डुलवली आणि टेबलावर डोक्यावर उभी केली. पाय छताकडं. रेडिएटर वर, पंप खाली. चालू केल्यावर अर्धा मिनिट खळखळ झाली आणि मग आवाज बंद. वीस मिनिटं ताण-चाचणी लावली. 5.1 वर तापमान 81 ला जाऊन तिथंच बसलं.

तात्यांनी कानातलं यंत्र परत घातलं आणि टेबलावर दोनदा टकटक केलं. डबल बेल. मी मुकाट्यानं निघालो.

आता माझं यंत्र शीर्षासनात आहे. चालू करायचं बटण खाली गेल्यामुळं पेटी दोन विटांवर ठेवलीय आणि बोट मधून घालावं लागतं. ग्राफिक्स कार्डावरचं कंपनीचं नाव उलटं चमकतं. आज सकाळी दूध आणायला गेलो तर दोघांनी विचारलं, "विमानाची हवा काढली म्हणं तात्यांनी?" यातल्या एकालाही मी तीन आठवड्यांत लोड-लाइनबद्दल एक शब्द समजावू शकलो नव्हतो.

सातला ते येणार आहेत. आज एकटे नाहीत, डेपोतले दोन जुने मेकॅनिक बरोबर आहेत. त्यातले एक जण येताना पाना घेऊन येतो म्हणालेत.