पाहुण्यांचे कप

आज गाडीत रेडिओवर कुणीतरी सांगत होतं की रायडर कपमुळे आयर्लंडमधलं आमचं लिमरिक जगाच्या नकाशावर येणार. तेव्हा मी अडेरच्या मेन स्ट्रीटवर होते, पहिल्या गिअरमध्ये. पुढे केरीला निघालेली टुरिस्ट बस, आणि फुटपाथवरून काठी टेकत चाललेल्या एक आजी मला मागे टाकून पुढे गेल्या. अहो दादा, मी आठ वर्षं ह्याच नकाशावर बसलेय, हँडब्रेक ओढून.

नाशिकच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. रायडर कप म्हणजे गोल्फ, युरोप विरुद्ध अमेरिका, दोन्हीकडून बारा-बारा जण, तीन दिवस, दोन वर्षांतून एकदा. 1927 मध्ये सुरू झाला, म्हणजे 2027 ला शंभर वर्षं, आणि शंभराव्या वर्षीचा कप आमच्या शेजारच्या अडेर मॅनर ह्या हॉटेलच्या गोल्फ कोर्सवर. खरं तर 2026 चाच होता, पण कोविडमुळे सगळंच एक वर्ष पुढे ढकललं गेलं. अडेर म्हणजे हजार-बाराशे वस्तीचं गाव, गवताच्या छपरांची टुमदार घरं, कॅलेंडरवर असतात तशी. आणि त्या गावाच्या पोटातून एन 21 जातो, लिमरिकहून केरीला जायचा मुख्य रस्ता. ट्रक, ट्रॅक्टर, टुरिस्ट बसेस, आणि मी. मी राहते न्यूकॅसल वेस्टला कारण लिमरिकमधलं भाडं ऐकूनच घाम फुटला होता, आणि नोकरी लिमरिकला. म्हणजे रोज दोनदा अडेर.

एक शुक्रवार मी कधीच विसरणार नाही. ऑगस्टचा बँक हॉलिडे वीकेंड, अख्खं आयर्लंड केरीला निघालेलं. लेक तीन वर्षांचा, नवरा कामासाठी डब्लिनला. क्रेश, म्हणजे पाळणाघर, सहाला बंद होतं. मी पोचले सहा चाळीसला. चाळीस मिनिटं त्या एका गावात, आणि माझ्या समोर एक जोडपं रस्त्याच्या मधोमध उभं राहून छपरांचे फोटो काढतंय.

असो. तर आता बायपास होतोय! मातीचे भराव दिसतात, मेग नदीवर पूल, पिवळी मशिनं. सगळे खूश. लंच टेबलवर आमचा साठीला आलेला एकजण म्हणाला, मी शाळेत होतो तेव्हापासून ह्या बायपासबद्दल ऐकतोय, थँक गॉड फॉर गोल्फ. सगळे हसले, मी पण हसले, आणि मग दिवसभर ते डोक्यातून जाईना. थँक गॉड फॉर गोल्फ?? म्हणजे इतकी वर्षं त्या रस्त्यावर अडकलेली माणसं, ॲम्ब्युलन्स, दूध घेऊन जाणारे टँकर, कामावरून घरी जाणारे लोक, हे कुणी मोजण्यासारखे नव्हतेच, आणि चोवीस माणसं काठ्या घेऊन तीन दिवस येणार म्हटल्यावर लगेच डेडलाइन ठरली, कप सुरू व्हायच्या आत झालंच पाहिजे. म्हणजे होऊ शकत होतं ना? आधीही होऊ शकत होतं! फक्त करायचं नव्हतं.

हो माहितीये, रस्ता मुळात फॉइन्स बंदरासाठी आहे, पस्तीस किलोमीटरची योजना, 2022 मध्ये मंजुरी, त्यातला फक्त सात-एक किलोमीटरचा अडेरचा तुकडा आधी करतायत. बरोबर. पण नेमका तोच तुकडा आधी का, हे लहान मूल पण सांगेल.

आपल्या घरी शोकेसमध्ये एक कपांचा सेट असायचा आठवतं? सोनेरी काठ असलेला. आपण आयुष्यभर कान तुटलेल्या कपात चहा प्यायलो, आणि पाहुणे आले की तो सेट बाहेर. एकदा मी हट्ट केला की मला त्यातच दूध पाहिजे, तर आईने असे डोळे वटारले की बस. हे तसंच आहे. रस्ता शोकेसमध्ये ठेवलेला होता. पाहुणे येणार कळल्यावर काढला.

आणि नाशिककरांना मी हे काय सांगणार! आपल्याकडे तर रस्ते बारा वर्षांनीच होतात, सिंहस्थ आला की. ह्या वेळचा सिंहस्थही 2027 मध्येच, योगायोग बघा. तपोवनातली झाडं तोडण्यावरून झालेला सगळा राडा मी इथून फोनवर बघत होते आणि रडायला येत होतं, शाळेच्या सहलीला तिथे डबे खाल्लेत आपण. तेव्हा इथलीच फार बेक्कार माणसं आहेत असं मला म्हणायचं नाहीये. सगळीकडे हेच. देव आला किंवा गोल्फ आला की डांबर पडतं.

त्या दिवशी क्रेशमध्ये लेक दाराजवळच्या बुटांच्या बाकावर बसला होता. कोट घातलेला, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, पाठीला बॅग. बाजूला सांभाळणारी बाई, तिनेपण कोट घातलेला. एक शब्द बोलली नाही मला, उलट म्हणाली अडेर ना, कळलं मला. पण तिची पण घरी मुलं असतील की. तिची चाळीस मिनिटं कुठल्या आर्थिक फायद्यात धरणार?

फायदा फायदा फायदा. हॉटेलं भरणार, पब भरणार, टीव्हीवर हिरवं हिरवं आयर्लंड दिसणार. मान्य, दिसेलच. 2006 ला पण कप इथे झाला होता, किल्डेरला के क्लबवर, युरोप साडेअठरा-साडेनऊने जिंकलं, पावसात चिखल तुडवत लोक नाचले, म्हातारी माणसं अजून सांगतात. आणि दोनच वर्षांत बँका कोसळल्या, 2010 मध्ये आयएमएफ दारात. गोल्फमुळे नाही हो, मला तेवढं कळतं. पण देश कायमचा बदलणार वगैरे जे बोलतात ना, त्यांनी जरा दमाने घ्यावं.

बरं, मॅनरचे मालक मॅकमॅनस, त्यांच्याविरुद्ध इथे एक शब्द काढून दाखवा! 2015 ला घेतलं त्यांनी ते, अख्खा कोर्स नव्याने करून घेतला, 2022 ला चॅरिटीच्या सामन्यासाठी टायगर वूड्सला आणलं, आणि मागे प्रत्येक काउंटीतल्या खेळाच्या क्लबांसाठी दहा-दहा लाख युरो दिले. माणूस देतो. माझा राग त्यांच्यावर नाहीच आहे. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांना एका श्रीमंत माणसाच्या अंगणात कार्यक्रम ठरेपर्यंत एन 21 दिसत नाही. रेल्वेचं तसंच, 1963 पासून अडेरला पॅसेंजर गाडी थांबत नाही, मालगाडीसाठी रूळ नव्याने टाकले, आणि आता कपसाठी तात्पुरतं स्टेशन करायचं म्हणतायत. तात्पुरतं! पाहुणे गेले की कप परत शोकेसमध्ये.

आणि खरी गंमत ऐका. बायपास झाला की ट्रॅफिक जाणार कुठे? सुसाट सुटून आमच्याकडे. न्यूकॅसल वेस्टचा बायपास कागदावर, पुढच्या ॲबीफीलचा कागदावर. आमच्याकडे पण गोल्फ क्लब आहे, आर्डाजवळ, पण तिथे टायगर येत नाही ना. त्यामुळे प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या शुक्रवारी बायपास असता तरी मला उशीर झालाच असता, सहा चाळीसच्या ऐवजी सव्वासहा झाले असते. पण सव्वासहाला कदाचित अजून एखादं मूल असतं तिथे.

लेक म्हणाला होता, आई, सगळ्यांच्या आया आल्या. रडत नव्हता. नुसतं सांगत होता, माहिती दिल्यासारखं.

एवढं लिहिल्यावर आता खोटं कशाला बोलू. 2025 च्या सप्टेंबरला न्यूयॉर्कला बेथपेजवरच्या रायडर कपमध्ये युरोपच्या शेन लौरीने अठराव्या होलला तो पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा फटका, मारला ना, तेव्हा मी आणि लेक सोफ्यावर उभे राहून ओरडत होतो. मला बर्डी म्हणजे काय तेही नीट कळत नाही. इथला ऑफली काउंटीचा पोरगा, नाचतोय, मला का रडू आलं देव जाणे. लेकाने तेव्हाच जाहीर केलं की अडेरला आपण जायचं. तिथे एका दिवसाचं तिकीट साडेसातशे डॉलर होतं, इथे किती असेल कोण जाणे. ऑफिसातली एकजण तर त्या आठवड्यात घर भाड्याने देऊन स्पेनला जाणार म्हणते. मी नाक मुरडलं, आणि घरी येऊन नवऱ्याला विचारलं आपल्या घराला किती मिळतील रे.

तो म्हणाला न्यूकॅसल वेस्टला कोण येणार, पोचतच नाहीत लोक!

हे लिहिताना आईचा फोन येऊन गेला. 2027 ला ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वणी आहे, तेव्हा या म्हणते, गंगाघाटाकडचे रस्ते मस्त करतायत म्हणे. मी म्हटलं त्याच महिन्यात इथे गोल्फ आहे, सुट्टी कुणालाच मिळणार नाही. तर म्हणाली, गोल्फला तुझं काय काम?

काही नाही गं. मला फक्त तिथून पुढे जायचं असतं.