समिती येतेय, रांगोळी काढा!

गुरुजी, बाई, अभिनंदन! जिल्हा परिषदेचा खर्च तपासायला विधिमंडळाची समिती तुमच्याही तालुक्यात येते आहे. आमच्याकडचा दौरा नुकताच पार पडला, म्हणून चार अनुभवाचे बोल.

ग्रुपवर रात्री ‘तात्काळ’ पडलं की शिकवणं बंद करा. जमाखर्चाची कीर्द, खर्चाची प्रमाणकं, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं पाच वर्षांचं. सकाळी केंद्रावर पोचतं करा.

मुलांना स्वागतगीत शिकवा. भागाकार काय, दिवाळीनंतरही होतो.

शौचालयात पाणी नसेल तर टँकर मागवा. एका दिवसापुरता.

दौऱ्याच्या नावाने मागतील ती वर्गणी कशाची, हे विचारू नये. पावती तर मागूच नये. मे २०२५ मध्ये धुळ्यात विधिमंडळाच्याच अंदाज समितीचा दौरा चालू असताना विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली होती. त्या मानाने आपली ती चिल्लर, लाजू नका.

आणि गणवेशाचा विषय काढू नका. २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच गणवेशाचं बघायची. शिंपी गावातला, पोरं त्याच्या डोळ्यांसमोरची. मंत्रालयाला ते पटेना. कापड एकगठ्ठा घ्यायचं आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. जून गेला. पंधरा ऑगस्टला आमची पोरं गेल्या वर्षीच्या विटक्या कपड्यांत झेंड्यापुढे उभी. गणवेश आले तेव्हा तिसरीतल्या पोराला सातवीचा सदरा, आणि सातवीच्या पोरीला काहीच बसेना. दुसऱ्या गणवेशाचं तर नुसतं कापड आलं, शिवून घ्या म्हणाले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळांकडे आलं. बरं झालं! पण वाया गेलेल्या वर्षाचं काय? कापड उशिरा का आलं, मापं कुणी ठरवली, दंड कुणाला झाला? ते राहू द्या. आक्षेप आमच्या शाळेवर निघाला, की वाटप नोंदवहीत तारखा उशिराच्या आहेत. अहो, गणवेशच उशिरा आले, तर तारखा काय आदल्या वर्षीच्या घालू?

समिती आली का? नाही. मुलं हार घेऊन उन्हात ताटकळली. दुपारी निरोप आला, वेळेअभावी आपली शाळा वगळली आहे.

आता सरळच बोलतो. आमदारसाहेब, जुलै २०२४ मध्ये अर्थसंकल्प मांडून पंधरवडाही झाला नव्हता, आणि ९४,८८९ कोटींच्या जादा खर्चाच्या पुरवणी मागण्या तुमच्यापुढे आल्या. तेव्हा का नाही कुणाला उन्हात उभं केलंत? सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, तुमच्या बॅगा भरून झाल्यावर. तो आधी मांडा म्हणून कधी सभागृह अडवलंत? महामंडळांच्या हिशेबावर तोंड उघडायचं नाही, आणि शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिलमधून घेतलेल्या खडूंचं बिल बघायला गाड्यांचा ताफा! तपासायचंच असेल तर न सांगता या. जुलैच्या पावसात या, गळक्या वर्गात पोरांशेजारी बसा, भिंतीला हात लावून बघा. आणि येताना डबा घरून आणा.