मरताना प्रत्येकाला देव आठवतो म्हणे!

‘आयुष्यभर नास्तिक, शेवटी मात्र देवाला शरण’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मामांपर्यंत पोचला. मामा देव मानत नाहीत आणि सध्या कॅन्सरवर उपचार घेत आहेत. ते वाचून हसले. मला हसू आलं नाही.

मेसेजचा हुकमी एक्का डार्विन. मृत्युशय्येवर त्याने उत्क्रांतीचा सिद्धांत मागे घेतला म्हणे. डार्विन वारला १८८२ मध्ये. ही कथा छापून आली १९१५ मध्ये, लेडी होप नावाच्या धर्मप्रचारक बाईंच्या हवाल्याने. १९२२ मध्ये डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने ती जाहीरपणे खोडून काढली: शेवटच्या वेळी मी स्वतः तिथे होते, या बाई कुठल्याच आजारपणात आल्या नव्हत्या, वडिलांनी आपलं एकही शास्त्रीय मत मागे घेतलं नाही. शंभर वर्षं झाली, तरी फॉरवर्ड चालूच. (डार्विन स्वतःला नास्तिक नव्हे, अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवत असे. तेवढं तरी शोधायचं!)

मेसेजमध्ये धर्मावर शंका घेणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम नाही, हे ओघानेच आलं. १७७६ च्या जुलैमध्ये, ह्यूम मरणपंथाला लागलेला असताना, लेखक जेम्स बॉस्वेल त्याला मुद्दाम भेटायला गेला, मरण समोर दिसताना तरी हा परलोक मानतो का ते बघायला. जन्माआधी आपण नव्हतो याचा जसा त्रास होत नाही, तसाच मेल्यावर नसण्याचाही होत नाही, असं ह्यूमने शांतपणे सांगितलं. अस्वस्थ झाला तो श्रद्धाळू बॉस्वेलच.

मेसेजचा पुढचा दावा: ‘नास्तिकांना मरणाची भीती जास्त’. २०१७ मध्ये शंभर अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त अभ्यासांत श्रद्धा आणि ही भीती यांचा संबंधच दिसला नाही. विषय संपला.

‘नास्तिकाला दुःखात आधार नसतो’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. धर्मात कोण काय करणार, किती दिवस करणार, हे ठरलेलं असतं, माणसं आपोआप जमतात. देव न मानणाऱ्यांना हे स्वतः जुळवावं लागतं. बरेच जण जुळवतातही: मृत्युपत्र करतात, व्हेंटिलेटर हवा की नको ते लिहून ठेवतात, आपल्यामागे धार्मिक विधींऐवजी जवळच्यांनी आठवणी सांगाव्यात असं कळवतात. ज्यांना हे जमत नाही ते खरंच एकटे पडतात.

पण मेसेजचा शेवट संतापजनक आहे: ‘तुमच्या ओळखीच्या आजारी नास्तिकाला समजवा, अजून वेळ गेलेली नाही.’ ज्याला कूस बदलतानाही कळ येते, त्याने आता तुमच्याशी वाद घालायचा? त्यापेक्षा रात्री दुखणं थांबतं का, ते विचारा. सोबतीला बसायला माणूस हवा असेल तर तुम्ही जा.