इंटरनेट गव्हर्नन्समध्ये करिअर करायचंय? या, बसा

कोडिंग जमत नाही, कायदा अर्धवट येतो आणि प्रवासाची हौस आहे? मग टेक पॉलिसीत, म्हणजे इंटरनेटचे नियम कोण ठरवणार या विषयात, प्राध्यापक व्हायला अजून काय लागतं हो.

आधी विषय निवडा, आणि पोरं इथेच माती खातात. सुटणारा प्रश्न कधीच घ्यायचा नाही! आयकॅनवर (इंटरनेटवरची नावं नि पत्ते सांभाळणारी संस्था) अमेरिकन सरकारचा वचक असावा का, हा काय सोन्यासारखा विषय होता, 1998 ला आयकॅन निघाल्यापासून लोकांनी त्यावर पीएचड्या केल्या, मग पोरांकडून करून घेतल्या, आणि 1 ऑक्टोबर 2016 ला आयकॅनचा अमेरिकन सरकारशी असलेला तो आयानाचा (नावं-पत्त्यांच्या नोंदीच्या कामाचा) करार संपला की राव. चालती दुकानं बसली. बरं, दुसऱ्या दिवशी सगळ्या साइट नेहमीसारख्या उघडत होत्या, म्हणजे ‘इंटरनेटचे तुकडे होणार’ म्हणून ज्यांचा पेपर रिव्ह्यूत अडकलेला त्यांनी तोंड कुठं लपवायचं? (सोप्पंय. ‘होणार’ च्या आधी ‘लवकरच’ टाकायचं.)

तेव्हा भिजत घोंगडंच बघा. 2005 मध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत इंटरनेट गव्हर्नन्सची व्याख्या मंजूर झाली, ती पहिल्या स्लाइडवर टाका, दुसऱ्या स्लाइडवर ती अपुरी आहे म्हणा, झाला पेपर. त्याच ट्युनिसच्या ठरावातून आयजीएफ, म्हणजे या विषयावर नुसत्या चर्चेचं संमेलन, निघालं, 2006 ला अथेन्सला सुरू झालं ते जवळपास दरवर्षी नव्या शहरात भरतं, आणि तिथलं काहीच बंधनकारक नसेल हे ठरावातच लिहून ठेवलंय. काय डोकं लावलंय बघा, निर्णय झाला तर पुढच्या वर्षी येणार कोण? आणि तिकडे जायच्या आधी ‘मल्टीस्टेकहोल्डर’ (सरकार, कंपन्या, जनता सगळे एका टेबलावर) हा शब्द आरशासमोर दहादा म्हणा, जीभ अडखळली की ग्रँट गेली.

इंजिनिअर लोकांपासून मात्र चार हात लांब. आयईटीएफमध्ये (इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणारी त्यांची संस्था) मतदान नसतं, खोलीतली माणसं चक्क ‘हम्म्म’ करतात आणि आवाजावरून अध्यक्ष अंदाज घेतो. यावर दुरून भरपूर लिहा, ‘लोकशाहीचा ध्वनी’ वगैरे, पण आत जाऊ नका, तिथं पहिलाच प्रश्न येतो, ड्राफ्ट वाचलाय का?

मी एकदा भर पॅनेलवर म्हणालो, अख्खं इंटरनेट 13 रूट सर्व्हरवर (साइटच्या नावावरून पत्ता शोधायची सुरुवात जिथून होते ते सर्व्हर) चालतं आणि ही सत्ता 13 हातांत आहे. मागच्या रांगेत एक हुडीवाला, लॅपटॉपवर स्टिकर इतके की झाकणाचा रंग दिसेना, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. ‘तेरा ही नावं आहेत. संस्था बारा. मशीन हजाराच्या वर.’ आणि परत टाइप करायला लागला.

हॉल गप्प. मी चष्मा पुसला, पाणी प्यायलो आणि म्हणालो, मी तेरा हे रूपक म्हणून वापरलं होतं.

पुढच्या वर्षी त्या रूपकावर माझा पेपर आला. सायटेशन बरी आहेत.